पाच गाठींचा डबा

माझी पदवी उरकुडाजींनी एका प्रश्नात निकालात काढली. नोकरीचा दुसराच दिवस होता. शेतकी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेलो, अंगात कोरा बुशशर्ट आणि हातात काचेच्या चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र. ते टेबलामागच्या भिंतीवर लावल्याशिवाय आपल्या हातून सरकारी काम होणार नाही, अशी माझी समजूत होती. उरकुडाजी आमच्या कार्यालयाचे चपराशी. त्यांनी स्टूल धरलं, खिळा दिला, चौकट वाकडी झाल्याचं दोनदा सांगितलं, आणि सगळं झाल्यावर मान तिरपी करून विचारलं, "बाबूजी, हे काय होय?"

"पदवी आहे. शेतकीची."

"असं का. पेरली तं उगवते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली आणि स्टूल उचलून निघून गेले.

पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. कार्यालयात नवीन टंकलेखन यंत्र आलं, तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, उगवते का. साहेबांनी मनगटी घड्याळ घेतलं, तेव्हाही विचारलं. मुख्यालयातून खतांविषयीचं चौदा पानी परिपत्रक आलं, ते त्यांनी हातावर तोलून पाहिलं आणि हेडक्लार्ककडे देताना तोच प्रश्न केला. हेडक्लार्क भडकले. उरकुडाजींचं म्हणणं साधं होतं. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, पेरल्यावर उगवणाऱ्या आणि न उगवणाऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंवर माणसाने फार जीव लावू नये.

आमचं कार्यालय नागपुरात, इंग्रजांच्या वेळच्या एका बैठ्या बंगल्यात होतं. आम्ही धानाच्या शेतकऱ्यांना नवं बुटकं बियाणं घ्यायला लावायचो. ते दिवसच तसे होते. देशाला तांदूळ हवा होता, आणि तो आणण्याची जबाबदारी मुख्यतः माझ्यावर आहे असं मला वाटत असे. या बंगल्याच्या गच्चीवर, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, उरकुडाजी जुनं धान लावत.

डालड्याच्या रिकाम्या डब्यांत. एका डब्यात एक वाण. साठी, लुचई, दुबराज, चिन्नोर, आणि ज्यांची नावं मी महाविद्यालयात कधी ऐकली नव्हती असे कितीतरी. खत म्हणून समोरच्या टांगास्टँडवरची लीद, कार्यालयाच्या चहाचा चोथा आणि संत्र्याची सालं. संत्र्याच्या दिवसांत ते जेवणाचा डबा उघडून बसलेल्या प्रत्येकाजवळ उभे राहत, आणि आपण साल खाली ठेवेपर्यंत हलत नसत. डब्यांवर चिमण्या यायच्या, म्हणून त्यांनी फायली बांधायची लाल फडकी वर ताणून बांधली होती. साहेबांनी एकदा त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, फडकं फायलीवर असलं तरी पाखरं येतातच की, फक्त ती खुर्चीवर बसतात. साहेब थोडे बहिरे होते, हे त्या दिवशी सर्वांच्याच पथ्यावर पडलं.

वाण ओळखायला त्यांनी डब्यांना फायलीची लाल फीत बांधली होती आणि तिला गाठी मारल्या होत्या. एक गाठ साठीला, दोन लुचईला. ज्यांना पाचाहून जास्त गाठी लागल्या असत्या त्यांना दोन फिती. त्यांना वाचता येत होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतर वस्तीतल्या वर्गात जाऊन ते अक्षर शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मग चिठ्ठ्या का लावत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, अक्षर पाण्याने जातं, गाठ जात नाही.

रोज सकाळी ते प्रत्येक डब्यासमोर वाकत. हेडक्लार्कने एकदा टोमणा मारला की देव सोडले म्हणता आणि डब्यांना नमस्कार करता. "नमस्कार नाही करून राहिलो," उरकुडाजी म्हणाले, "लोंबी आली का ते पाहून राहिलो." या हेडक्लार्कना पोटाची तक्रार होती, म्हणून ते पिण्याचं पाणी घरून आणत. उरकुडाजी रजेवर असले की त्यांचं पोट बरं असायचं आणि त्या दिवशी ते माठातलं पाणी पीत. हे उरकुडाजींना ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही.

त्यांची स्वतःची जमीन वीतभरही नव्हती. बाप आणि आजा कुही तालुक्यातल्या एका मालगुजाराच्या, म्हणजे तिकडच्या जमीनदाराच्या, धानाच्या बांध्यांत राबले. धान लावायचं त्यांनी, खायचं मालगुजाराने. चपराशाची नोकरी लागली आणि ते नागपुरात जरीपटका वस्तीच्या पलीकडे एका खोलीत राहायला आले. पण कोणत्या जमिनीला कोणतं बी, हे त्यांच्या बोटांच्या टोकांवर होतं. मी कधी नव्या वाणाचे गोडवे गायला लागलो की ते शांतपणे ऐकून घेत आणि मग समजावत.

"बोडीखाली चिन्नोर, मधात लुचई, वर बरडावर भादवी. कोनी आंधी येते, कोनी मांगून. तुमी सारं एकच धान लावता. सारेच एका टायमाले जेवाले बसले तं वाढनार कोन?"

बोडी म्हणजे गावचं लहान तळं आणि बरड म्हणजे वरची खडकाळ जमीन, जिथे पाणी थांबत नाही. बोडीखालच्या ओलसर बांध्या मालगुजाराच्या, बरडाचे तुकडे मजुरांना. भादवी हे त्या बरडाचं धान. जाडं, तांबूस, भात शिजला की चिकट. उत्पन्न थोडं. पण भादव्यात, म्हणजे घरातलं जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं यायचं असतं त्या महिन्यात, ते तयार होई. पाऊस मध्येच निघून गेला तरी त्याला पर्वा नसे, कारण तोवर ते घरात आलेलं असे. त्या डब्याच्या फितीला पाच गाठी होत्या.

बी मागणाऱ्याला ते नाही म्हणत नसत. पैसे घेत नसत. अट एकच, पिकलं की दोघांना द्यायचं. खेड्यातून कामासाठी आलेले लोक आमच्याकडून नव्या बियाण्याचं पत्रक घेत, आणि जाताना जिन्यापाशी उरकुडाजींकडून रुमालाच्या टोकात काहीतरी बांधून नेत. या कार्यालयाचा उपयोग झाला असेल तर तो बहुधा जिन्यापाशीच झाला.

मग शहरात पार्काच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरलं. आमच्या मंडपाचं काम माझ्याकडे होतं. एका बाजूला नवं बियाणं, दुसऱ्या बाजूला जुने वाण, म्हणजे फरक लोकांच्या डोळ्यांत भरेल, अशी माझी कल्पना. साहेबांनी पाठ थोपटली. जुने वाण कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता, ते आमच्या डोक्यावरच होते. उरकुडाजींना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला थोडी लाज वाटली. त्यांना वाटलं, आपल्या धानाचा मान होतो आहे.

बाकी वाणांची ओंजळ ओंजळ पुरली. ती लहान बाटल्यांत गेली. भादवीसाठी मात्र मोठी काचेची बरणी होती, दर्शनी जागेवर ठेवायची, आणि ती अर्धीच भरली. हेडक्लार्क म्हणाले, अर्धी बरणी बरी दिसत नाही. मलाही बरी दिसेना. मी उरकुडाजींना विचारलं, घरी आणखी आहे का. घरी त्यांनी ते वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तुंबा घेऊन आले. बरणीवर तो धरला, पण लगेच ओतला नाही.

"बाबूजी, आता घरी दाना नाही उरला. वापस येईन ना?"

"प्रदर्शन संपलं की दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो. "माझा शब्द."

त्यांनी तुंबा उलटा केला. बुडाला चिकटलेले दाणे काढायला दोन बोटं आत घातली आणि तेही बरणीत टाकले. बरणी गळ्यापर्यंत भरली, सुंदर दिसली.

प्रदर्शनाचे चारही दिवस ते धुतलेला कोट घालून त्या बरणीशेजारी उभे राहिले. बरणीवर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती, जुने वाण, उत्पन्न कमी. पहिल्याच दिवशी ती त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "कमी आहे, हे बराबर. पन कव्हा येते, ते बी लिहा ना." चिठ्ठीत जागा नव्हती. मी तसं सांगितलं. मग चार दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडाने सांगत राहिले, कव्हा येते ते.

प्रदर्शन संपलं. बरण्या कार्यालयात परत आल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर पोचायच्या आत, हेडक्लार्कनी सगळं सामान डेड स्टॉक रजिस्टरात चढवून टाकलं होतं. खुर्च्या, टेबलं, पंखे ज्या वहीत चढवतात त्या वहीत. काचेची बरणी, धान्यासहित, नग एक. त्यावर लाखेचं सील. आत किडीची पांढरी पावडर आणि डांबरगोळ्या, कारण सरकारी वस्तूला कीड लागली तर जबाबदारी कोणाची.

मी म्हणालो, ते उरकुडाजींचं आहे. हेडक्लार्क म्हणाले, होतं. आता एकदा नोंद झाली, काढायची तर साहेबांची लेखी मंजुरी लागेल. साहेबांची बदली ठरली होती, ते कशावरच सही करत नव्हते. नवे साहेब आले, ते आधीच्या साहेबांच्या काळातलं काहीही उलगडायला तयार नव्हते. मी एक अर्ज केला. तो कुठेतरी पडून राहिला. दुसरा मी केला नाही. माझ्या बढतीचा कागद त्याच सुमारास साहेबांच्या टेबलावर होता, आणि एका चपराशाच्या तांदळासाठी त्यांच्यासमोर दोनदा उभं राहणं मला परवडणारं वाटलं नाही. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की सरकारी कामाला वेळ लागतोच.

मृगाच्या सुमारास उरकुडाजी माझ्या टेबलाशी आले. गच्चीवर पाच गाठींचा डबा माती भुसभुशीत करून तयार होता.

"बाबूजी, झाली का सही?"

"होईल लवकरच."

ते बरं म्हणाले आणि गेले. बाकीचे डबे पेरले, तो रिकामा ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा आले. तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर.

तिसऱ्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच आटोपला. पाहणीसाठी आम्ही जीपने कुही तालुक्यात गेलो. तळ्याखालच्या बांध्यांत नवं धान कसंबसं उभं होतं, कारण त्यांना पाणी देता येत होतं. वरच्या बरडावर तेच नवं धान लोंबी येण्याआधीच वाळून गेलं होतं. बांधावर एक म्हातारा बसला होता. मी विचारपूस केली.

"आमच्याकडे पह्यले बरडावर भादवी राहे," तो म्हणाला. "आता असती तं घरात येऊन पडली असती. तुमच्याच खात्याचा एक साहेब आला होता, थो म्हने हे भंगार बी टाकून द्या, नवीन लावा. लोकायनं टाकून देल्लं, तुमच्या चपराशानं देल्लेलं बी त्यातच गेलं. आता कोनाजवळच नाही."

तो साहेब मीच होतो. म्हाताऱ्याने मला ओळखलं नाही. माझ्या अंगावर आता कोट होता. भादवीची एक भरलेली बरणी नागपुरात लोखंडी कपाटात आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

परत आल्यावर मी ते कपाट उघडलं. चावी नेहमी खिळ्यावरच टांगलेली असायची. पेन्सिल तासायच्या चाकूने लाखेचं सील काढलं, दोन मिनिटंही लागली नाहीत. कोणी विचारलं नाही, कोणी पाहिलंही नाही. ती बरणी पुन्हा कधीही कोणी तपासली नाही. पहिल्याच वर्षी मी हे करू शकलो असतो, आणि करायला काय लागलं असतं, तर एक चाकू.

मूठभर दाणे घेतले, धुतले, ओल्या टीपकागदावर पसरले आणि टेबलाच्या खणात ठेवले. मी शेतकीचा पदवीधर, बी उगवतं का ते कसं पाहायचं एवढं मला येत होतं. रोज सकाळी खण उघडून पाणी शिंपडायचो. आठ दिवस पाहिलं, मग आणखी आठ दिवस. एकाही दाण्याला कोंब आला नाही. थोडे थोडे करून सगळी बरणी पाहिली. ज्या पावडरीने कीड मारायची होती तिने, की त्या बंद काचेतल्या उकाड्याने, कोण जाणे. पुष्कळसे दाणे कुजले. उरलेले बरणीत टाकून मी लाख वितळवून सील पूर्ववत केलं.

आणि उरकुडाजींना सांगितलं नाही. सांगायचं रोज ठरवत होतो. मृग आला, ते टेबलाशी आले, आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेबांची सही व्हायची आहे."

"होईन," ते म्हणाले. "घाई नाही."

पुढे ते निवृत्त झाले. त्यांचे डबे ठेल्यावर रचून घरी गेले. मलाही बढती मिळाली, दुसऱ्या इमारतीत दुसरं टेबल मिळालं. भिंतीवर तीच चौकट लावली, या वेळी स्टूल धरणाऱ्याने काही विचारलं नाही. उरकुडाजी वर्षातून एकदा मृगाच्या दिवसांत भेटायला येत. चहा पीत, त्याचा चोथा मागून घेत, सहीचं विचारत. मग एका वर्षी आले नाहीत. ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही हेडक्लार्ककडून, भर बाजारात. ते म्हणाले, माणूस चांगला होता. 

दुसऱ्या दिवशी जरीपटक्याच्या पुढे त्यांची खोली शोधत गेलो. भागरताबाई, त्यांची बायको, एकट्याच होत्या. मूलबाळ नव्हतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. आत कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, आणि बाहेर भिंतीला लागून डब्यांची रांग. धान हिरवंगार उभं होतं. त्या म्हणाल्या, आता मीच करते, हाताला काम पाहिजे. रांगेत एकच डबा मोकळा होता. फितीला पाच गाठी. माती खुरपलेली होती आणि ओली होती.

मी त्या डब्याकडे बघतो आहे हे त्यांनी पाहिलं.

"हा डबा तुमचा होय, बाबूजी. थे म्हनत, याच्यात दुसरं काही लावू नको, बाबूजी भादवी आनून देते."

मग त्यांनी ते सांगितलं, जे उरकुडाजींनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईची आधीची तीन मुलं गेली होती, तिन्ही भादव्यात, घरात दाणा नसताना. म्हणून हा झाला तेव्हा तिने त्याला शेणाच्या उकिरड्यावर, तिकडच्या बोलीत उरकुड्यावर, ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं, वाईट नजर लागू नये म्हणून. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ. त्याच उकिरड्यावर, खळं झाडलेल्या कचऱ्यातून, त्या वर्षी धानाची चार रोपं आपोआप उगवली होती आणि ती सगळ्यांच्या आधी पिकली. आईने ते बी जपलं, बरडावर लावलं, आणि पुढच्या प्रत्येक भादव्यात घरात भात शिजला. हा जगला. तू आणि हे धान एकाच जागी सापडले, हा तुझा भाऊ होय, असं ती त्याला सांगायची. मरेपर्यंत उरकुडाजी एकटे असले की त्या डब्याशी बोलत, असं भागरताबाई हसून म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. सील काढल्याचं, टीपकागदाचं, एकही दाणा न उगवल्याचं, आणि इतकी वर्षं खोटं बोलल्याचं. त्या ऐकत राहिल्या. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "मीच एकडाव म्हनलं, इतक्या सालाचं बंद बी, पेरलं तं उगवते का? तं मले म्हने, बाबूजीले हे कधी इचारू नको. शब्द देला आहे त्यानं, बिचाऱ्याले वाईट वाटन."

मी आठवून पाहिलं. पदवी, घड्याळ, परिपत्रक, पंखा, साहेबांची नवी जीप. प्रत्येक वस्तूला त्यांनी तो प्रश्न विचारला होता. त्या बरणीबद्दल दरवर्षी आले, सहीचं विचारलं, पण उगवते का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी ते माझं नशीब समजत होतो.

भागरताबाईंनी चहा टाकला. तो होईपर्यंत काय करावं ते मला सुचेना. दाराजवळ पाण्याचा लोटा होता. तो मी उचलला आणि त्या मोकळ्या डब्यात थोडं पाणी घातलं.